लोरिओंच्या घरचा सांगावा

मिशलीन लोरिओ यांचं पत्र फेब्रुवारीत आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. पत्र वाईट नव्हतं. फार चांगलं होतं, हीच अडचण. समुद्रापलीकडच्या क्वेबेकमधून एका चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईंनी मला, म्हणजे आंसेल्म लोरिओला, निळ्या शाईत आणि मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. त्यांच्याकडे लोरिओ आडनावाची माणसं हजारांनी आहेत. सगळी मातुरँ लोरिओ या एकाच सुताराची लेकरं, जो पावणेचारशे वर्षांपूर्वी आमच्या कूर्वो गावातून निघाला आणि जहाजात बसला. त्यातले दोन बस भरतील एवढे लोक जुलैत मूळ गाव बघायला येणार होते. कूर्वोत आता लोरिओ मी एकटाच उरलो आहे, हेही त्यांनी शोधून काढलं होतं. पत्राच्या शेवटी एक प्रश्न होता. 'माझे वडील दर नाताळला सांगायचे, आपल्यातला एक जण घरी राहिलाय, म्हणून आपल्याला परतायला घर आहे. तो राहिलेला तुम्हीच ना?'

'हो' लिहावं तर ते खोटं. 'नाही' लिहायला माझ्यात धीर नाही. म्हणून पत्र एका जाड शब्दकोशाखाली ठेवलं. न सुटणाऱ्या गोष्टी मी तिथेच ठेवतो.

खरी गोष्ट अशी होती. माझे आजोबा इपोलित हे पॅरिसचं पोर. त्या काळी पॅरिसच्या अनाथालयातून तान्ही मुलं गाडीत घालून आमच्या भागात आणायचे, गळ्यात शिशाचा बिल्ला बांधून, आणि इथल्या बायका पैसे घेऊन त्यांना पाजायच्या. दूध हेच आमच्याकडचं पीक होतं, गाईंचंही आणि बायकांचंही. इपोलितला फेलिसिते लोरिओ या बाईने घेतलं. तिचे स्वतःचे दोन मुलगे होते. एक दूरदेशी टोंकिनच्या लढाईत गेला, दुसरा रेल्वेचा बोगदा खणताना गेला. मग तिने इपोलितला रीतसर दत्तक घेतलं आणि आडनाव दिलं. हे मला माझ्या वडिलांनी सांगितलं, सफरचंदाच्या झाडाची छाटणी करताना, शिडीवरून खाली न बघता. पुन्हा तो विषय आमच्या घरात निघाला नाही.

म्हणजे मातुरँच्या रक्ताचा थेंबही माझ्यात नाही. जन्मभर मी शाळेत लॅटिन शिकवलं आणि निवृत्त झाल्यापासून या आडनावाचा अभ्यास करत बसलो आहे. कूर्वोत लोरिओंविषयी सर्वांत जास्त माहिती मला आहे, आणि लोरिओ नसलेला लोरिओही मीच.

पत्राचा पत्ता सगळ्यात आधी सोलांजला लागला. ती माझी शेजारीण. आम्ही एकाच बाकावर बसून अक्षरं गिरवली आहेत, त्यामुळे ती मला काहीही बोलू शकते, आणि बोलते. अंडी द्यायला येते तेव्हा टेबलावर काय आहे, हे अंडी ठेवायच्या आधी बघते.

"उत्तर लिहिलंस?"

"लिहितोय."

"कशाने? मनाने?"

एप्रिलमध्ये आमचे सरपंच रेजिस घरी आले. माझे जुने विद्यार्थी. लॅटिनमध्ये कच्चे, पण माणूस उत्साही.

"मास्तर, क्वेबेकवाल्यांनी कचेरीतही लिहिलंय. तुमचं उत्तर नाही म्हणून त्या बाई काळजीत आहेत. तुम्ही हयात आहात का, असं विचारलंय."

"मग काय कळवलंस?"

"कळवलं, 'बहुतेक आहेत'."

सोलांज दारात उभी होती. ती म्हणाली, "बरोबर कळवलंय."

रेजिसना सगळं ठरवूनच यायची सवय. लोरिओंचं मूळ घर दाखवायला हवं, असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं, ते घर नेमकं कुठे होतं हे कोणालाही ठाऊक नाही, मी खूप शोधलं आहे. ते म्हणाले, मग तर सोपंच झालं. त्यांनी सोलांजच्या कोंबड्यांचं खुराडं निवडलं, कारण ते दगडी होतं आणि समोर बस वळायला जागा होती.

"ते माझ्या बापानं बांधलंय," सोलांज म्हणाली. "मी पाचवीत होते तेव्हा. सिमेंट मी कालवलंय."

"पण दगड जुने दिसतात, मावशी. हे कोणाला कळतंय."

"कोंबड्यांना कळतंय."

जूनमध्ये खुराड्यावर पाटी लागली. 'या जागी, परंपरेनुसार, मातुरँ लोरिओ यांचं घर होतं.' परंपरा म्हणजे रेजिस. पाटीच्या खाली एक तांबडी कोंबडी बसायची, ती पाटी लागल्यापासून जरा ताठ बसू लागली, असं सोलांजचं मत होतं.

जुलैत दोन बस आल्या. दार उघडलं आणि आतून माझ्या आजीची बोली बाहेर पडली. खरंच सांगतो. जे शब्द आमच्याकडे माझ्या लहानपणी म्हातारी माणसं वापरायची आणि शाळेत आम्हांला ज्यांच्यासाठी छड्या मिळायच्या, ते शब्द ही माणसं, रंगीत जाकिटं आणि पांढरे बूट घातलेली, बिनदिक्कत मोठ्याने बोलत होती. कूर्वोचं बोलणं समुद्रापलीकडे जपलेलं होतं आणि कूर्वोत टीव्हीवरचं बोलणं होतं. मला वाटलं, यांना घर दाखवायला मी कोण.

चर्चच्या दारात मला भाषण करायचं होतं. मी आठवडाभर पाठ केलं होतं. लोरिओ म्हणजे हळद्या पक्षी. माणसाला हे नाव का पडलं असावं, याचे तीन तर्क आहेत. एक, मूळ पुरुष पिवळा अंगरखा घालत असेल. दोन, तो हळद्यासारखी शीळ घालत असेल. तिसरा तर्क मला सांगायचा नव्हता, पण शास्त्राशी प्रामाणिक राहायला हवं. हळद्या चेरीच्या बागा लुटतो. तो माणूसही लुटत असेल. पुराव्याचं पारडं तिसऱ्या बाजूला झुकतं, हे मी खाली मान घालून कबूल केलं.

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की कबुतरं उडाली. पिवळा अंगरखा आणि शीळ कोणाच्या लक्षातही राहिली नाही. दिवसभर ती माणसं एकमेकांना 'चेरीचोरा' म्हणून हाक मारत होती. नंतर मातुरँचे पुढचे वंशज न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत कसे गेले, तिथून कुठे पांगले, हा माझा अभ्यासाचा भाग कोणी ऐकला असेल असं वाटत नाही.

तेवढ्यात एक ठेंगणी, काठी टेकत चालणारी बाई थेट माझ्यासमोर आली.

"तू आंसेल्म. उत्तर का नाही दिलंस रे?"

"मादाम, तुम्ही..."

"तुम्ही कोण? माझी सासू उभी आहे का मागे?"

मला 'तू' म्हणणारी गावात सोलांज सोडून कोणी उरलेली नाही. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मिशलीन यांना त्याचं काही नव्हतं.

"आम्ही म्हटलं, नको म्हणाला नाही, म्हणजे या म्हणाला," त्या म्हणाल्या. "आणि मी तुझं नाव लिहायला पेन्सिलही आणलीय."

मग सगळे गावच्या सभागृहात गेले. सोलांजने मातीच्या मोठ्या भांड्यात, दूध, तांदूळ आणि दालचिनी घालून, सकाळपासून मंद भट्टीत आमच्याकडची खीर लावली होती. वरची काळपट साय फोडून ती वाढत होती, आणि खाणाऱ्यांचे डोळे पाणावत होते, कारण त्यांच्या पणज्या असंच काही करायच्या म्हणे. टेबलं जोडून त्यावर त्यांनी एक लांबलचक जाड कापड उलगडलं. त्यावर धाग्याने वंशाचं झाड भरलेलं होतं. घरोघरच्या बायकांनी हिवाळ्यात बसून रेशमाने एकेक नाव भरलं होतं. खोडाशी मातुरँ. त्याच्याखाली, मुळांच्या मधोमध, एक रिकामा गोल, आणि त्याभोवती अक्षरं: 'घरी राहिलेला'.

"यात तुझं नाव लिही," मिशलीन म्हणाल्या. "पेन्सिलने. मी वरून पिवळ्या धाग्याने भरीन. ही एवढी जागा भरली की मी मरायला मोकळी."

सगळे मोबाइल वर झाले. मी पेन्सिल हातात घेतली.

"चष्मा घरी राहिला," मी म्हणालो.

"नाकावर आहे," सोलांज खीर वाढता वाढता म्हणाली.

"हा वाचायचा. लिहायचा घरी आहे."

लोक हसले. मिशलीन हसल्या नाहीत. त्यांनी काठी उचलली. "चल, मी येते सोबत. चष्मा आणू."

आम्ही सोलांजच्या आवारातून चाललो. खुराड्यापाशी त्या थांबल्या आणि उपड्या घातलेल्या बादलीवर बसल्या.

"चष्मा नकोय ना तुला?"

"नको."

मग मी सांगितलं. गाडी, बिल्ला, दूध, दोन मुलगे, दत्तक. मला बोलायला कमी वेळ लागला, कारण मी कुठेही थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढे बोललो नसतो. शेवटी म्हणालो, "तुमच्या मातुरँच्या रक्ताचं इथे कोणी नाही."

त्या भिंतीच्या दगडाला बोट लावून बसल्या होत्या.

"म्हणजे घरी कोणी राहिलंच नाही."

"नाही."

"बाबा दर नाताळला सांगत आले ते." दगडावरचं बोट न काढता त्या म्हणाल्या, "आणि हे घर? हेही तसलंच?"

"हे खुराडं आहे. सिमेंट सोलांजने कालवलंय."

त्या हसल्या, पण नाकातूनच. लोकांनी सकाळी घर बघताना आठवण म्हणून भिंतीतून खडे उकरून नेले होते, त्या खळग्यांकडे बघत त्या म्हणाल्या, "बसमधल्या माणसांना आज सांगू नका. आठवडाभर आनंदात आहेत बिचारी. मी पत्राने विचारलं होतं, उत्तर पत्रानेच द्या. नोव्हेंबरात आमचं संमेलन असतं. मी ते उभं राहून वाचून दाखवीन, मग गोलाचं काय करायचं ते सगळे मिळून ठरवू. पण सगळं लिहा."

"सगळं तर आत्ताच सांगितलं."

"नाही. तुम्ही काय नाही आहात, एवढंच सांगितलंत."

आणि त्या उठल्या. 'तू' कधी सुटलं ते मला बसच्या दारात कळलं, त्यांनी हात पुढे करून, परक्या साहेबाला म्हणावं तसं, "येते, मस्यू लोरिओ," म्हटलं तेव्हा. सकाळी ज्या एका शब्दाने मी अवघडलो होतो, तो आता नव्हता आणि मला त्याची जागा दुखत होती. बस गेल्या. खुराड्याची एक बाजू बरीच पोकळ झाली होती.

पुढे मी लिहायला बसलो नाही असं नाही. रोज बसलो. पहिल्या मसुद्यात दुधावर ठेवलेल्या मुलांच्या प्रथेचा इतिहास होता आणि तळटीपा होत्या. दुसऱ्यात क्षमायाचना होती, जरा लांबली. तिसऱ्यात दोन्ही. ऑक्टोबर संपत आला तेव्हा सोलांज अंडी घेऊन आली आणि तिने तिसरा मसुदा उचलून वाचला. मी हरकत घेणार होतो, पण तिने चष्मा लावलेला होता.

"हे पत्र आहे की मृत्युपत्र?"

"माझ्याच्याने होत नाही, सोलांज. तुला माहीत नाही, यात काय आहे."

"काय आहे? तुझे आजोबा पॅरिसचं पोर होते, हेच ना?"

मी अंडी हातातून खाली ठेवली. "तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला लागतं? माझ्या पणजीनं स्वतः तिघं पाजली पॅरिसची. सगळ्या गावाला ठाऊक होतं."

"सगळ्या?"

"आता गाव म्हणजे मी आणि रेजिसची आई. तिला तर रेजिसही आठवत नाही."

"मग मला इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू लोरिओंवर लिहीत होतास. मला वाटलं, त्यात येईल कुठेतरी."

तिने खुर्ची ओढली. मला तिचा राग आला होता आणि तिच्या बसण्याने बरंही वाटत होतं.

"रविवारचा पाव ठाऊक आहे ना तुला?" तिने विचारलं.

"वाचलंय."

"वाचलंय," ती स्वतःशी म्हणाली, जशी एखाद्या आजाऱ्याची चौकशी करावी. "तू पुस्तकं मिटून ऐक जरा."

रविवारचा पाव मी वाचला होता हे खरं. जुन्या काळी दर रविवारी एका घराने चर्चमध्ये मोठा पाव न्यायचा, पाद्रींनी त्यावर मंत्र म्हणायचा आणि सगळ्या गावाने तो वाटून खायचा. घरं ठरलेली, क्रम ठरलेला. पाव नेणारं घर त्यातला एक तुकडा राखून ठेवायचं आणि फडक्यात बांधून पुढच्या घरी पोचवायचं. तो सांगावा. तुकडा आला, की पुढचा रविवार आपला. एवढं मला माहीत होतं. पुढचं कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

"आमच्या घरानंतर लोरिओंचं घर यायचं," सोलांज सांगू लागली. "दुसरा मुलगा बोगद्यात गेला त्या वर्षीची गोष्ट. फेलिसिते अंथरुणाला खिळली. चर्चचे कारभारी माझ्या पणजीला म्हणाले, लोरिओंचं घर आता संपलं, तुकडा त्याच्या पुढच्या घरी द्या. पणजीनं मान हलवली, फडकं बांधलं आणि सरळ लोरिओंच्या अंगणात गेली. तुझे आजोबा लाकडं फोडत होते. विशीतलं पोरगं. पणजीनं तुकडा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, पुढच्या रविवारी तुमच्या घरचा."

"मग?"

"मग काय. तोवर आयुष्यात त्यांनी पाव भाजला नव्हता. फेलिसिते खाटेवरून ओरडून सांगत होती, हे मळत होते. खालून करपला, आत कच्चा. रविवारी घेऊन गेले. माझी आजी तेव्हा लहान होती, ती सांगायची, सगळं चर्च मुकाट्यानं चावत होतं, कोणी कोणाकडे बघत नव्हतं. पण टाकला कोणी नाही. कारभाऱ्यांनीही गिळला." ती उठली. "दत्तकाचे कागद वर्षभरानं झाले. तुझ्या बापानं तुला कागद सांगितला, पाव सांगितला नाही. पुरुषांचं असंच असतं."

ती गेल्यावर मी तिन्ही मसुदे चुलीत घातले. मग लिहायला घेतलं तेव्हा पहिल्या ओळीतच अडलो. 'तुम्ही' लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, कागद बदलला. शेवटी आठवड्याने हे झालं:

'प्रिय मिशलीन,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. तुझ्या रक्ताचं इथे कोणी राहिलेलं नाही. जे होते ते गेले, काही जहाजाने, काही लढाईत, काही बोगद्यात. राहिला तो बाहेरून आलेला होता, दुधासाठी. पण त्या घराचं आता काही नाही असं लोक म्हणत होते तेव्हा शेजारणीने रविवारचा तुकडा त्याच्या हातात दिला, आणि पुढच्या रविवारी त्याने करपलेला पाव चर्चमध्ये नेला. गावाने तो खाल्ला. आम्ही लोरिओ आहोत ते तेव्हापासून. ते माझे आजोबा. हे मला गेल्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं, म्हणून जुलैत सांगता आलं नाही.

मला मूलबाळ नाही. इथे आमच्यानंतरचं घर उरलेलं नाही. म्हणून तुकडा तुमच्याकडे पाठवत आहे. गोलाचं तुम्ही सगळे ठरवा. रिकामा राहिला तरी चालेल, नक्षी चांगली आहे.

तुझा,
आंसेल्म

ता. क. सोलांज म्हणते, भिजवल्याशिवाय खाऊ नका.'

पाव सोलांजने भाजला. मी म्हणालो, खाण्याची वस्तू पाकिटात घालून परदेशी पाठवता येत नाही, विमानतळावर काढून घेतात. ती म्हणाली, वाळवला की ती खाण्याची वस्तू राहत नाही, तुझ्या पुस्तकांसारखी होते. दोन दिवस तो तुकडा तिच्या शेगडीवर होता. मग तिने तो जुन्या रुमालाच्या कोपऱ्यात बांधून दिला. गाठ तिचीच, मला जमली नाही.

पिवळी टपालपेटी कचेरीच्या भिंतीला आहे. मी जाड पाकीट घेऊन उभा राहिलो. सोलांज सोबत आली होती, कारण मी एकटा गेलो तर परत घेऊन येईन, असा तिचा अंदाज होता, आणि तो चूक नव्हता. खिडकी उघडून रेजिस डोकावले.

"मास्तर, काय टाकताय?"

"उत्तर."

"कुठल्या पत्राचं?"

"फेब्रुवारीच्या," सोलांज म्हणाली. "घाई झाली होती त्यांना."

पाकीट अर्धं आत गेलं आणि गाठीपाशी अडलं. मी म्हणालो, हा शकुन असेल, शिवाय 'दुधासाठी' हा शब्द मला अजून पटलेला नाही, एकदा घरी नेऊन बघतो.

सोलांजने माझा हात बाजूला केला, पाकिटाच्या मागच्या टोकावर तळवा ठेवला आणि कोंबडीला खुराड्यात लोटावं तसं ढकललं. आत ते धपकन पडलं.

"आता बघ हात घालून," ती म्हणाली.

मी घालून बघितला. पोचत नव्हता.